डबा बाहेर, मुंगी आत

आमच्या वहिनीला ‘नाही’ हा शब्द ऐकू येत नाही. कान उत्तम आहेत, वरच्या मजल्यावर चमचा पडला तरी तिला कळतं, पण कुणी नाही म्हटलं की ती आपली शांतपणे पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहते. समोरचा माणूस दमतो, ती दमत नाही. मी तिची नणंद, त्यामुळे तिचं कौतुक करायचं मी काही देणं लागत नाही. उलट तिची उणीदुणी काढायचा मला हक्क आहे आणि तो मी रोज वापरते. पण पार्कात त्या दिवशी जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि दादाला सांगायला दिलं तर तो दोन वाक्यांत संपवेल. म्हणून मीच सांगते.

वहिनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. तिथे एका मोठ्या हॉलचे दोन भाग केलेत. एक मळकी बाजू, एक स्वच्छ बाजू, मध्ये भिंत आणि भिंतीत बसवलेली धुलाईची मशिनं. चादरी इकडून मळक्या आत जातात आणि तिकडून धुऊन बाहेर निघतात. माणसाला मळक्या बाजूकडून स्वच्छ बाजूकडे जायचं असेल तर आधी बेसिनवर जायचं आणि हात घासायचे, साबणाने, ब्रशने, कोपरापासून नखांपर्यंत. तसं न करता कुणी दारातून डोकं जरी आत घातलं तरी वहिनी त्याला परत पाठवते, मग तो मुकादम का असेना.

आता लाँड्रीत ठीक आहे हो. पण या बाईने तोच कायदा घरी आणला! चौथ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. त्यात ओटा आणि ताटं ही स्वच्छ बाजू, आणि उरलेलं सगळं जग, आम्ही धरून, मळकी बाजू. हात घासल्याशिवाय घास नाही. मी दिवसभर चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसते, त्यामुळे माझी तर दुहेरी तपासणी.

हा कायदा मोडणारा एकच माणूस घरात, आमचे बाबा. तिचे सासरे. बाबा बसचे कंडक्टर होते. जन्मभर लोकांच्या हातच्या नोटा घेतल्या, त्याच हाताने पाव खाल्ला आणि ठणठणीत राहिले. रोज जेवायला बसताना वहिनी विचारणार, “बाबा, हात?”

“धुतले.”

“कधी?”

“सकाळी.”

मग तिने डोळे वटारायचे, त्यांनी पुटपुटत उठायचं, नळ नुसता सोडून बंद करायचा आणि परत येऊन बसायचं. दोघांत दुसरं कुठलंही भांडण नाही. हे एक मात्र इतकं जुनं झालंय की त्याच्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही.

बाबांचं आणखी एक सांगून ठेवते. ते लिफ्टमध्ये बसत नाहीत. चार मजले जिन्याने चढतात, प्रत्येक मजल्यावर गुडघ्यांना शिव्या देतात, पण लिफ्ट नाही म्हणजे नाही. खुर्चीवर चढून बल्ब बदलायचा तरी दादाला हाक. पाय जमिनीवरून सुटले की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं, आणि याची त्यांना लाजही वाटत नाही. “पक्षी असतो तर पंख असते,” असं टक्कल चोळत म्हणतात.

दादा, म्हणजे माझा भाऊ, टेम्पो चालवतो. स्वभावाने इतका गरीब की रस्त्यात मांजर आडवी बसली तर गाडी बंद करून ती उठेपर्यंत थांबेल. आणि शेवटी मुंगी. दादा-वहिनीची एकुलती एक. जन्मली तेव्हा एवढीशी होती, बाबा म्हणाले, “अरे, ही तर मुंगी!” आणि तेच नाव चिकटलं. वयाच्या मानाने ती बुटकीच राहिली. शाळेच्या फोटोत कायम पहिल्या रांगेत, आणि तेही एका टोकाला.

तर गेल्या वर्षी शाळेने मुलांना पार्कात नेलं. तिथे एक रोलर कोस्टर आहे, त्याचं नाव वादळ. त्याच्या दारात उंची मोजायची पट्टी आहे. वर्गातली सगळी पोरं पट्टीला डोकं लावून आत गेली आणि मुंगी दोन बोटांनी कमी पडली. बाई म्हणाल्या, तू इथे सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बस हं, शहाणी ना! ती बसली. वर्गातली पोरं किंचाळत वरून खाली येत होती आणि ही खाली बाकावर, पिशव्यांच्या ढिगात.

घरी आली ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती जेवलीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “ऊठ. पुढच्या वर्षी तू वादळात बसशील. मी सांगते ना. शेजारी मी बसेन.”

झालं. वहिनीने सांगितलं म्हणजे दगडावरची रेघ. वर्षभर तिने लाँड्रीत जादा पाळ्या केल्या. दादा म्हणाला, अगं एवढा खटाटोप कशाला, दोघी मायलेकीच जा. ती म्हणाली, “नाही. सगळे जायचं. तिला बसलेलं सगळ्यांनी बघायचं.” मुंगी इकडे दाराच्या चौकटीला लोंबकळायची, दूध प्यायची, रात्री पाय ताणून झोपायची. आणि खरंच वाढली पोरगी! वहिनीने टेप लावून मोजलं, पुन्हा मोजलं, मग मला मोजायला लावलं. बसत होती. जेमतेम, पण पट्टीच्या मापात बसत होती.

पाच तिकिटं घेऊन झाल्यावर हातात काही राहिलं नाही. आणि पार्कातलं खाणं म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. एका माणसाने तिथे पोटभर खायचं म्हटलं तर तेवढ्यात आमच्या घरचं आठवड्याचं वाणसामान येतं. बाहेरचं अन्न आत न्यायला बंदी. मी म्हटलं, वहिनी, त्यात काय, लोक नेतात लपवून. टॉवेलात गुंडाळायचं, वर ओले कपडे ठेवायचे.

ती पीठ मळता मळता थांबली. “वन्सं,” म्हणाली. मला चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते. “मी चोर आहे का? माझं अन्न आहे, मी केलंय, माझ्या पोरीला घालणार आहे. ते मी ओल्या टॉवेलात लपवू? उघड नेणार.”

“आणि अडवलं तर?”

“तर बघू.”

पहाटे उठून तिने पाच जणांचं केलं. पोळ्या, परतलेले बटाटे, उकडलेली अंडी, काकडी, केळी. सगळं मोठ्या चार पुडांच्या डब्यात भरून तिने डबा असा हातात धरला की जणू मिरवणुकीत निघालीय. वेगळ्या पिशवीत पाण्याचा कॅन, साबण आणि तो लाँड्रीतल्यासारखा ब्रश. मी कपाळावर हात मारला.

पार्काच्या गेटवर पिशव्या तपासायला टोपी घातलेली एक मुलगी होती. वहिनीने डबा तिच्यापुढे आदळला. “जेवण आहे. पाच जणांचं.”

“ताई, आत चालत नाही.”

“का?”

“नियम आहे.”

“नियम आहे ते कळलं. का आहे?”

त्या बिचारीला का ते कुणी सांगितलं नव्हतं. मागे रांग वाढायला लागली, लोक चुळबुळ करायला लागले. मी मनातल्या मनात धरणीमाते पोटात घे म्हणत होते. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला, “हे काय आहे साहेब?” बघते तर काय, आमचा दादा! दादाने कुणाला न सांगता जाकिटाच्या आतल्या खिशात अंडी लपवली होती. रखवालदाराने वरून चाचपलं आणि अंडी फुटली. जाकिटातून पिवळ्या बलकाचा भुगा बाहेर.

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की मीच दोन पावलं मागे सरले. “मी इथे ताठ मानेने बोलतेय,” ती दातओठ खात म्हणाली, “आणि तुम्ही खिशात अंडी घेऊन फिरताय?”

“असावीत म्हणून...” दादा म्हणाला.

त्यानंतर वहिनीच्या बोलण्यातली धारच गेली. टोपीवाल्या मुलीने संधी साधली. म्हणाली, ताई, असं करा, डबा गाडीत ठेवा. जेवायच्या वेळी बाहेर या, बाहेर पडताना तो मुलगा हातावर शिक्का मारेल, शिक्का दाखवला की परत आत घेतात. फुकट. वहिनीने विचार केला आणि मान डोलावली. डबा टेम्पोत गेला, आम्ही आत गेलो.

सकाळी वादळ बंद होतं. लांबूनच साखळी दिसली, दुपारनंतर सुरू होईल अशी पाटी होती. मुंगीचं तोंड पडलं, पण वहिनी म्हणाली, “चांगलंच झालं. आधी जेवू. उपाशीपोटी कशाला बसायचं?” सकाळभर मग बोटी, गोल फिरणारी घोडी, आरशांची खोली असं केलं. बाबा प्रत्येक ठिकाणी बाकावर बसून राहिले. घोड्यांवरसुद्धा बसले नाहीत. “वरखाली होतं ते,” म्हणाले.

जेवायला बाहेर पडताना शिक्केवाल्या पोराने पाचही जणांच्या उजव्या हातावर, मनगटाजवळ, एक निळा मासा उठवला. मुंगी हरखली. गाडीतळापर्यंत ती हात उंच धरून माशाला हवेत पोहवत आली.

आणि गाडीतळावर आमच्या वहिनीने काय करावं? कॅन काढला, साबण काढला, ब्रश काढला आणि म्हणाली, “चला, हात!”

आम्ही पुढे केले. खरं सांगते, कुणाच्या डोक्यात आलं नाही. रोजची सवय हो! तिने हात म्हटलं की आमचे हात आपोआप पुढे येतात. दादा घासला गेला, मी घासली गेले. मुंगीचे हात तर वहिनीने स्वतः घासले, कारण सकाळभर त्या पोरीने शंभर दांड्यांना हात लावले होते. कोपरापासून नखांपर्यंत, फेस येईतो, मग स्वच्छ पाणी, मग टॉवेल. बाबा टेम्पोच्या पलीकडच्या सावलीत जाऊन बसले होते. तिने हाक मारली तर म्हणाले, “धुतले!” आणि पोळीचं भेंडोळं कागदात धरून खायला लागले. जेवण मात्र झकास झालं. आजूबाजूच्या गाड्यांतले लोक वास घेत बघत होते आणि वहिनी राणीसारखी वाढत होती.

गेटवर परत आलो. आता दुसरीच बाई बसली होती. ती म्हणाली, “हात दाखवा.”

मुंगीने सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. मग स्वतःच त्याच्याकडे बघितलं.

“आई,” ती म्हणाली, “माझा मासा कुठे गेला?”

मी माझा हात बघितला. दादाने त्याचा बघितला. सगळे कसे स्वच्छ, लाजेने लाल झाल्यासारखे. वहिनीने मुंगीचा हात उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. काही नाही. लाँड्रीतल्या बाईने घासलेला हात तो, त्यावर काय राहणार आहे?

मी वहिनीला ती सासरी आल्यापासून ओळखते. तिचा चेहरा असा उतरलेला मी तोवर बघितला नव्हता. वर्षभर जादा पाळ्या केल्या आणि स्वतःच्या हातांनी पोरीचं वादळ घासून टाकलं. मला तिची इतकी दया आली की चिडवायचं सुचलंच नाही.

पण ते क्षणभरच. मग तिने पदर खोचला.

“आम्ही आत्ताच बाहेर गेलो,” ती गेटवरच्या बाईला म्हणाली. “हात धुतले, शिक्का गेला.”

“सगळे असंच सांगतात.”

“ही तिकिटं.”

“फाडलेली तिकिटं बाहेर रस्त्यावरसुद्धा पडलेली असतात.”

“शिक्का मारणाऱ्याला विचारा.”

“तो दिवसभर हात बघतो, ताई. तोंडं बघत नाही.”

मग टाय लावलेले एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. म्हणाला, नवीन तिकिटं काढावी लागतील. वहिनी म्हणाली, “का म्हणून? आत डबा आणू नका म्हणालात, नाही आणला. बाहेर जेवा म्हणालात, बाहेर जेवलो. आता जेवायच्या आधी हात धुवायचे नाहीत, हे कुठे लिहिलंय ते दाखवा. म्हणजे तुमचं म्हणणं काय, पोराबाळांनी घाणेरड्या हातांनी जेवावं?”

रांगेतले लोक हसले. टायवाले साहेब लाल झाले. “बाई, तुम्हाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल. जमणार नाही. नाही म्हणजे नाही.”

आता हा शब्द तिला ऐकू येत नाही हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? ती गेटपासून बाजूला झाली. मला वाटलं, संपलं. दादा तर टेम्पोची किल्ली चाचपायला लागला. पण वहिनी गेली ती सरळ बाहेर पडायच्या दारासमोर जाऊन उभी राहिली, जिथून लोक शिक्का मारून जेवायला येत होते. आणि तिने आवाज लावला. लाँड्रीत मशिनांच्या खडखडाटात बोलायची सवय, आवाज म्हणजे काय विचारता!

“ओ दादा, ओ ताई! मासा सांभाळा! साबणाने जातो! हात धुतलात तर परत आत घेत नाहीत! डाव्या हाताने जेवा, नाहीतर चमच्याने!”

बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. कुणी हसलं, कुणी थांबून धन्यवाद म्हटलं, एका आजीने नातवाच्या हाताला लगेच रुमाल बांधला. एक पोरगा मोबाइलवर तिचं चित्रण करायला लागला, तर त्यालाही म्हणाली, “घे, नीट घे, आवाज येतोय ना?” दादा टेम्पोमागे लपला. मी आधी लाजेने मेले, मग बघितलं तर मुंगी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती आणि तीही ओरडत होती. मग मी कशाला मागे राहते? मीही गेले. चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक ओढायची सवय मलाही आहेच.

थोड्या वेळाने टायवाले साहेब धावत आले. “बाई, काय चाललंय? तुम्ही लोकांना घाबरवताय!”

“खोटं बोलतेय का?”

खोटं तर नव्हतंच.

“संध्याकाळपर्यंत उभी राहीन,” वहिनी म्हणाली. “मला घाई नाही. घाई हिला आहे. गेल्या वर्षी दोन बोटांनी राहिली, वर्षभर वाढली आहे ती. बघा, वाढलीय की नाही?”

साहेबांनी मुंगीकडे बघितलं. मुंगी टाचा उचलून उभी राहिली. त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, लहान मुलांचं मी बघतो, ती जाऊ दे. पण मोठ्या माणसाला शिक्क्याशिवाय सोडलं तर माझ्यावर येईल. तुमच्यातल्या कुणाच्या हातावर शिक्का असेल तर तो जाईल तिच्याबरोबर. त्यापुढे मला काही सांगू नका.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी, दादा, वहिनी, सगळे धुतलेले. आणि मग आम्ही तिघांनी एकदमच मान वळवली.

बाबा बाकावर बसले होते. एक हात पाठीमागे.

“बाबा,” वहिनी म्हणाली, “हात?”

“धुतले,” बाबा सवयीने म्हणाले.

“दाखवा बघू.”

त्यांनी हळूच हात पुढे केला. मनगटाजवळ निळा मासा, जसाच्या तसा, वर बटाट्याचं तेल लागून चकाकत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी अशी हसले की मला उचकी लागली. वहिनी हसली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने बाबांचा न धुतलेला हात बघितला आणि रागावली नाही.

“बाबा, तुम्ही जा तिच्याबरोबर.”

“मी? अगं सूनबाई, मी लिफ्टमध्ये बसत नाही!”

“तुम्हाला कुठे बसायचंय? तिला दारापर्यंत न्या, ती बसेल, उतरली की घेऊन या. आत गर्दी आहे. तिचा हात सोडू नका, बस.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, कुणी सोडवायला येईना. मग मुंगीने त्यांचा हात धरला आणि दोघं आत गेली. वहिनी गेटच्या जाळीला नाक लावून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. तिची स्वतःची जागा होती ती, मुंगीच्या शेजारची. वर्षभर ठरलेली.

मी वेळ घालवायला तिकीटखिडकीजवळचा मोठा फलक वाचत होते. राइडचे नियम. वाचता वाचता वादळापाशी आले आणि ती ओळ पुन्हा वाचली. मुंगीच्या उंचीच्या मुलांना बसता येतं, पण एकटं नाही. शेजारी मोठं माणूस हवं.

वहिनी शेजारी बसणारच होती, त्यामुळे आम्ही कुणी ते कधी बघितलंच नव्हतं. मी तिला बोलावून दाखवलं. तिने वाचलं आणि तिथेच कठड्यावर बसली.

“बाबा बसणार नाहीत,” ती म्हणाली.

दादा म्हणाला, “नाहीच बसणार.”

मी बाबांना फोन लावला. टेम्पोतून, डब्याच्या पिशवीतून, घंटी वाजायला लागली.

“परत आणतील तिला,” वहिनी म्हणाली. “पट्टीला डोकं लागेल, आणि तरी तिथून परत आणतील.” पुन्हा तेच. मागच्या वर्षीसारखंच बाकावर, आणि या वेळी उंची असून. गेटवर पुन्हा भांडायला जावं तर भांडायचं कशावर? नियम बरोबर होता. तिला पहिल्यांदाच काही करण्यासारखं उरलं नव्हतं आणि तिला ते सहन होत नव्हतं. ती उठायची, बसायची, हात चोळायची.

गाडीतळाच्या टोकाला एक बुटकी भिंत आहे. तिच्यावर चढलं की कुंपणापलीकडे वादळाचा सगळ्यात उंच माथा दिसतो, बाकी काही नाही. वहिनी त्या भिंतीवर चढली. तिच्यामागून मीही. दादा खाली दोघींना धरून उभा. वादळाच्या गाडीचे डबे खडखडत वर यायचे, माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखे व्हायचे आणि दिसेनासे व्हायचे, मग किंकाळी. मुंगीने डोक्याला लाल रुमाल बांधला होता. आम्ही प्रत्येक खेपेला लाल रुमाल शोधत होतो. एक खेप गेली, दुसरी गेली. अशा कितीतरी गेल्या.

“बाहेर येऊन आपल्याला शोधत असतील,” दादा म्हणाला.

“गप्प बसा हो,” वहिनी म्हणाली.

मी मान खाली घातली होती. रस्ताभर मुंगीला काय सांगायचं याचा विचार करत होते. तेवढ्यात वहिनीने माझ्या दंडात नखं रुतवली.

माथ्यावर गाडी आली होती. दुसऱ्या डब्यात लाल रुमाल. आणि त्याच्या शेजारी उन्हात चमकणारं एक टक्कल.

वहिनी काय ओरडली ते मला सांगता येणार नाही, कारण त्यात शब्द नव्हते. ती भिंतीवर उड्या मारत होती, दादा खालून तिचे पाय धरून “पडशील, पडशील!” करत होता, आणि गाडीतळावरचे लोक जेवायचं सोडून आमच्याकडे बघत होते. मग गाडी खाली गेली आणि आम्ही गेटकडे पळत सुटलो.

त्या दोघांना यायला बराच वेळ लागला. मुंगीच बाबांना चालवत आणत होती. बाबांचा चेहरा धुवट चादरीसारखा पांढरा, सदरा पाठीला चिकटलेला. आणि मुंगीचा हात त्यांनी असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती, तिची आणि त्यांचीही.

“बाबा, तुम्ही बसलात?” वहिनी म्हणाली. “तुम्ही?”

बाबांनी आधी कठडा धरला, श्वास घेतला. “तू म्हणालीस, हात सोडू नका,” ते म्हणाले. “ती आत चढली. तो माणूस म्हणाला, आजोबा, एक तर बसा, नाहीतर तिला उतरवा. ती माझ्याकडे बघायला लागली. मग मी काय करणार? हात तर सोडायचा नव्हता.”

वहिनीला बोलता येईना. आमच्या वहिनीला! मुंगीच बोलत सुटली.

“आई, आजोबांनी डोळे उघडलेच नाहीत! मीच सांगत होते त्यांना, आता वर आलो, आता झाडं दिसतात, आता गाड्या दिसतात. आणि मग तू दिसलीस.”

“मी?”

“भिंतीवर. तू ओरडत होतीस ना?”

“ऐकू आलं?”

“नाही. पण तोंड उघडं होतं.”

तेव्हा मात्र वहिनी रडली. गेटसमोर, टायवाल्या साहेबांसमोर, सगळ्या लोकांसमोर, ढसाढसा. बाबांच्या पायाशी वाकली, त्यांनी “अगं, राहू दे, राहू दे” म्हणत मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. दुसरा अजून मुंगीकडेच होता, तिने त्यातून आपला हात हळूच सोडवून घेतला. मग वहिनीने मुंगीला उचललं. मुंगी आता उचलून घ्यायच्या मापाची राहिलेली नाही. तिचे पाय वहिनीच्या गुडघ्यांच्याही खाली लोंबत होते, आणि ती सारखी म्हणत होती, “आई, खाली ठेव ना, लोक बघतायत.”

“बघू देत,” वहिनी म्हणाली, आणि टेम्पोपर्यंत तिने तिला खाली ठेवलं नाही.